बाबूजींचा पाट

बाजारात वायरलेस चार्जर मिळतात, हे मला कोणी सांगू नये. त्यांच्यावर फोन नेमक्या जागी ठेवावा लागतो, आणि लकव्यानंतर बाबूजींचा हात नेमकं असं काही करतच नव्हता. पिन खुपसणं तर दूरच. पण 'लावून दे' म्हणतील तर ते बाबूजी कसले! त्यामुळे मुर्री गावातल्या घरी त्यांचा फोन दुपारनंतर बंद, आणि इकडे गोंदियात माझ्या जिवाला घोर.

कॉलेजात मी विजेचंच शिकवते. जेवायचा जुना पाट घेतला, त्याखाली तांब्याच्या तारेचं रुंद वेटोळं बसवलं आणि फोनच्या पाठीला एक लहान, म्हणजे पाटावर फोन कसाही पडला तरी चार्ज व्हावा. खरी डोकेफोड वीज कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरची होती. फोन वाकडा पडला की वीज कमी पोचते. तेव्हा कंट्रोलरने खालून जोर वाढवायचा, सरळ पडला की आवरता घ्यायचा. टेबलावर झकास चाललं. मी भलतीच खूश.

घरी नेलं तर मायने पूजा मांडली. ट्रॅक्टर असो की मिक्सर, हळदकुंकवाशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही. बाबूजींनी फोन ठेवला, मी बटण दाबलं आणि मायने पूजेचं स्टीलचं ताट फोनशेजारी पाटावरच टेकवलं. वीज ताटानेच खाल्ली. फोनला कमी पडतेय म्हणून माझा शहाणा कंट्रोलर जोर वाढवत गेला. माय ताट उचलायला गेली आणि चटका बसून तिने ते सोडून दिलं. अक्षता घरभर.

"काय करून राहिली व तू? शेगडी बनवली का?" म्हणत बाबूजी हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच. मी आधी मायवर चिडले, मग स्वतःवर, आणि मग मलाही हसू आवरेना.

पुढच्या रविवारी कंट्रोलरला नवी अक्कल दिली. खालून वीज जाते भरपूर आणि फोनला पोचते थोडी, असं दिसलं की जोर लावू नकोस, सरळ बंद हो. मायने मुद्दाम ताट ठेवून पाहिलं, पाट गप्प. ताट काढलं. बाबूजींनी फोन जवळजवळ आदळलाच, तोही तिरका. हिरवा दिवा लागला.

सोमवारी संध्याकाळी कॉलेजातून निघाले तर बाबूजींचा फोन. पहिल्या रिंगलाच उचलला.

"काय झालं बाबूजी?"

"काही व्हाले पायजे का? चार्ज आहे, म्हणून लावला."

मग ते धानावर बोलत राहिले. मी पायरीवर बसून सगळं ऐकलं.