नव्व्याण्णव मेंढरांपाशी कोण होतं?

सलोमीने प्रार्थनेच्या सतरंजीवर बसायचं सोडलं, तेव्हा आमच्या घरातलं देवाचं वचन आता माझ्यापाशीच संपणार, या विचाराने मी धास्तावलो. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. उपासनेला वाशिम गाठावं लागतं, तेही एसटीचं आणि दुकानाचं जमलं तर. मुलीला देवाची जी काही ओळख व्हायची, ती रोज संध्याकाळी त्या सतरंजीवर, पवित्र शास्त्राच्या वाचनातूनच. माझ्या वडिलांनी ती मला अशीच करून दिली होती आणि अकरावीतल्या माझ्या एकुलत्या एक लेकीला मी ती करून देत होतो. निदान माझा तसा समज होता. ती मात्र एक दिवस सरळ म्हणाली, "बाबा, तुमी सगळं सांगूनच टाकता. मले इचाराले काही उरतच नाही. उद्यापासून मी नाही बसत."

माझं कृषी केंद्र आहे. कोणत्या किडीला कोणतं औषध, ते किती पाण्यात, हे दिवसभर समजावून तोंडाला वळणच पडलेलं. घरीही तोच सूर लागायचा. "देवा, यायले जरा गप बसव," असं बायको गमतीने म्हणायची. देवाने तिचं फारच मनावर घेतलं. माझ्या घशात गाठ निघाली, अकोल्याला ती काढली, आणि पुढच्या तपासणीपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. आवाज कितपत परत येईल, हे त्यांनाही सांगता येईना. मला आवाजाहून त्या सतरंजीची चिंता होती. बायकोला चष्म्यातूनही बारीक अक्षर लागत नाही. शेवटी तिनेच लेकीची समजूत घातली, "बाबा बरे होईस्तोर तू वाच." सलोमी तयार झाली, पण माझी कीव येऊन, शास्त्राच्या ओढीने नाही.

पहिल्या संध्याकाळी हरवलेल्या मेंढराचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, निघाला. विजेचं बिल वाचावं तसा ती तो वाचत होती. तेवढ्यात सुमनकाकू आल्या. या आमच्या शेजारीण. गावाबाहेरच्या वावरात वांगी, मेथी लावतात आणि बाजारात विकतात. मेथीची जुडी घेऊन माझी तब्येत विचारायला आल्या होत्या. वाचन चाललेलं पाहून दाराशीच टेकल्या. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, तर मेंढपाळ बाकीची नव्व्याण्णव रानात सोडून त्याच्या शोधात गेला, इथवर आलं आणि काकूंनी विचारलं, "मंग बाकीचे कोनाच्या भरवशावर सोडले त्यानं?"

सवयीने सलोमीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण ते या प्रश्नाचं नव्हतं. एका जिवाचं मोल किती, यावर मी तासभर बोललो असतो. त्या नव्व्याण्णवांची चौकशी मात्र मी जन्मात केली नव्हती. मी नुसती नकारार्थी मान हलवली. सलोमीने तो भाग पुन्हा वाचला आणि म्हणाली, "काकू, इथं काही लिहेल नाही." "नीट पाय. नसन तं दुसरीकडं असन," काकू म्हणाल्या आणि मेथी ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्याबरोबर सलोमी शोधायला बसली. तोच दाखला तिला येशूचं चरित्र सांगणाऱ्या दुसऱ्या शुभवर्तमानात सापडला. "काकू, इथं त डोंगरावर सोडले म्हणते." "हे त आनखीनच," काकू म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मग काकू रोजच येऊ लागल्या. त्यांच्या घरी त्यांचे देव आहेत, त्यांची भक्ती आहे. त्यांना फक्त गोष्ट पुरती समजून घ्यायची होती. त्यांच्यापुढे अडायला नको म्हणून सलोमी दुपारीच पुढचं वाचून ठेवू लागली. मी हे सारं मुकाट्याने बघत होतो आणि मला त्याचं नवल वाटत होतं. काकू नेमक्या त्याच संध्याकाळी का आल्या? विचारलं तर सांगतात, मेथी उरली होती. असेल. मी वाद घालत नाही.

आवाज आला, थोडा घोगरा. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या संध्याकाळी साठलेलं सगळं सांगायचं म्हणून मी उत्साहाने सतरंजी अंथरली. पाहतो तर सलोमी शास्त्र काखेत घेऊन चपला घालत होती. "काकूच्या वांग्याले पानी सुरू हाय, त्यायले येता येत नाही. मीच वावरात जाऊन राह्यली." दारात ती थांबली. "बाबा, तुमीबी येता काय आयकाले?"

मी गेलो. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून ती वाचत होती, काकू पाणी वळवता वळवता विचारत होत्या, आणि जिथे उत्तर सापडेना तिथे ती मोकळेपणाने म्हणत होती, "मले नाही माहीत, पाहू पुढं." बोलायला आवाज होता, पण मी बोललो नाही. मनातल्या मनात म्हटलं, प्रभू, वचन तुझं आहे आणि लेकही तुझीच आहे. त्या दोघांमध्ये उभं राहून मी उगाच इतकी वर्षं घाबरत होतो. त्या वेळी मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

परतताना शास्त्र घ्यायला मी हात पुढे केला. "राहू द्या बाबा," ती म्हणाली, "माह्याजवळच असू द्या." देवाचे आभार मानत मी रिकाम्या हातांनी तिच्या मागून चालू लागलो.