अंग चोरून बसणारा माणूस

फुलंब्रीहून संभाजीनगरला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ते बहुतेक वेळा माझ्या शेजारी असत. गुलमंडीजवळच्या एका कापड दुकानात ते कामाला होते. चांगले उंचेपुरे, पण सीटच्या कडेला असे टेकत, जणू परक्याच्या घरी आलेत. "नीट बसा की," म्हटलं तर "राहू द्या सर, लई जागा हाय," म्हणत आणि आणखीच अंग चोरत. खिडकी उघडायची तरी आधी मागच्याला विचारत. मला त्यांची ती अदब फार आवडायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा सदरा घामानं भिजलेला दिसला. हात छातीवर होता. बस थांबवायला मी ओरडलो, तसा त्यांनी माझा दंड धरला. "नको सर, एवढ्या लोकांचा खोळंबा व्हईल."

ड्रायव्हरनं बस सरळ दवाखान्यात घातली. उचलून उतरवताना ते प्रवाशांना हात जोडत होते.

दुपारी ते गेले. त्यांची बायको व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "काल संध्याकाळपासूनच दुखत होतं, असं डॉक्टरांना सांगितलं त्यांनी. मला नाय बोलले. घरी पाहुणे होते ना."