वरसेच्या घरातली कोरडी जागा

आधीच सांगून ठेवतो... भुतंखेतं, करणी, झपाटणं, यातलं मी काहीही मानत नाही. माझं नागोठण्यात नळ-पाइपांचं दुकान आहे. पाणी उताराकडे जातं, एवढाच माझा वेद! आणि पंचवीस वर्षांत पाण्याने मला एकदाही फसवलं नव्हतं. म्हणून ही गोष्ट मला छळते... आणि खरं सांगू? सांगताना मजाही येते.

गेल्या वर्षी माझी बायको सुनंदा हिला डोळ्यांमुळे शिवणकाम सोडावं लागलं. "दर महिन्याला तुमच्यापुढे हात पसरणार नाय मी," तिने बजावलं. मग दोघांची शिल्लक घालून एक घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं आणि भाडं तिच्या हातात, असं ठरलं. घर एकच. चुकलं की संपलं.

दोन घरं पसंतीला उतरली. एक पेणला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, दुसरं रोह्याला खेटून असलेल्या वरसे गावात, बैठं. एकाच दिवशी दोन्ही पुन्हा बघायची आणि संध्याकाळी एकाला होकार द्यायचा.

गवंड्याचं काम तपासायची आमची जुनी रीत आहे. फरशीवर तांब्याभर पाणी ओतायचं; मोरीकडे गेलं तर गवंडी पास. पेणला पाणी शहाण्या मुलासारखं मोरीत गेलं. फक्त खालच्या गणपतीच्या कारखान्यात मशीन घरघरत होतं.

दुपारी एकला वरसेला पोचलो. एजंट प्रमोदने कुलूप काढलं. आत एक खुर्चीसुद्धा नव्हती. मधल्या खोलीत मी तांब्या रिकामा केला. पाणी निघालं, खोलीच्या मध्यावर आलं... आणि दुभंगलं! दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे एकत्र झालं आणि निमूट मोरीत गेलं. मध्ये एक लांबट जागा कोरडी ठणठणीत. माणूस आडवा झोपेल एवढी.

"पॉलिश असंल काका," प्रमोद म्हणाला.

मी हात फिरवला. तीच फरशी. गाडीतून चढउतार मोजायची लेव्हल आणून लावली. उंचवटा कुठेच नाही.

"द्या, आता मी ओततो."

प्रमोदने ओतलं. आम्ही तिघं वाकून बघतोय. कोरडी जागा होतीच, पण आता आखूड, वाकलेली... मंडळी, तिथे जे कोण झोपलं होतं, त्याने कूस बदलली होती! गुडघे पोटाशी घेऊन!

ओरडलं कुणीच नाही. भीती वाटली नाही, शपथेवर सांगतो. उलट तिघांचेही आवाज आपोआप खाली आले. सुनंदा तर चवड्यांवर चालत बाहेर आली.

"इथे कोणी गेलंय का रे?" मी अंगणात विचारलं.

"नाय हो काका, नवं बांधकाम. मालक एक रात पण ऱ्हायला नाय. आधी भातशेती होती. तुम्ही पेणचंच घ्या, मी फोन लावतो."

"थांब रे," सुनंदा म्हणाली. "इथे भाडेकरू कोण येणार?"

"धाटावचे कंपनीवाले. शिफ्टवाले."

"मग? रात्रपाळी करून आलेल्याला दुपारी काय पाहिजे? झोप! आत बघितलीस ना, कशी गाढ लागते ती? पेणला त्या मशीनवर लागेल?"

"अगं, पण ते जे कोण आहे..."

"असू दे. घोरत तर नाय ना?"

वरसेचं घेतलं. धाटावला कामाला जाणारे दोघं राहायला आले. आम्ही त्यांना एका शब्दानं काही सांगितलं नाही. दोन महिन्यांनी नळ बदलायला गेलो, तर मधल्या खोलीत दोघांच्या गाद्या दोन भिंतींना चिकटवलेल्या, पंख्याखालची मधली जागा मोकळी.

"मध्ये का नाय रे झोपत?"

"काय म्हाईत काका," एक जण डोकं खाजवत म्हणाला. "तिथं अंथरावंसंच वाटत नाय. पण झोप एकदम झ्याक!"

ते घर बांधणाऱ्या गवंड्याला विचारलं, त्याने खांदे उडवले. सुनंदाला या कोड्याची फिकीर नाही. पहिल्या तारखेला भाडं हातात पडलं की तिची तक्रार मात्र ठरलेली... "झोपतात तिघं, आणि देतात दोघंच!"