आक्काच्या हयातीतले पुस्तक

बाइंडर वस्तीत कायमचा परत आला तेव्हा त्याच्या सामानात कपडे थोडे आणि लोखंड जास्त होते. पुस्तक दाबून ठेवायचा शिकंजा, दाभणे, पुठ्ठा कापायची सुरी, असले सगळे. शेजारच्या सुताराने शिकंजा उचलून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाला, की शहरात जन्म काढून माणूस अंगावर चार चांगले कपडे तरी घालून येतो. हा बाबा तेलाचा घाणा घेऊन आला.

बाइंडर नुसता हसला. उत्तर द्यायला त्याला वेळ लागायचा. वस्तीची बोली त्याला सगळी कळत होती, पण बोलायला गेले की शब्द तोंडाशी येऊन अडत. पोरवयात त्याला डोंगराखालच्या वसतिशाळेत नेले. तिथे ही बोली तोंडातून निघाली की छडी बसे. शाळेतून तो थेट छापखान्याच्या बांधणी खात्यात गेला आणि तिथेच केस पांढरे केले. कायद्याची पुस्तके, शाळेची पुस्तके, औषधांची, देवाधर्माची, कुठल्या कुठल्या भाषांतली त्याच्या हातांखालून गेली. आपल्या बोलीतले एक पान कधी आले नाही. येणार कुठून? त्या बोलीत कुणी काही छापलेच नव्हते. दुपारी कागदांच्या गठ्ठ्याला टेकून डबा खाताना त्याच्या मनात एकच यायचे. आपल्या बोलीतले पुस्तक बांधावे, आपल्यातल्याच कुणीतरी ते वाचावे, आणि शेजारी बसून आक्काने ऐकावे. बायको होती तोवर तिला हे अनेकदा ऐकून घ्यावे लागले. ती गेली, तरी हे काही गेले नाही.

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आईमागे तिनेच त्याला वाढवले. डोंगरावरच्या आदिवासी वस्त्यांमध्ये गोष्ट सांगणारी म्हणून तिला मान होता. ती सांगायला बसली की समोर एकजण हुंकार द्यायला बसे. प्रत्येक वाक्याला ‘हं’. लहानपणी ते काम धाकट्याचे, म्हणजे बाइंडरचे.

दवाखान्याशेजारी एक खोली रिकामी पडली होती. दवाखान्यात आक्काची सून परिचारिका होती. तिने खटपट करून ती खोली वाचनालयासाठी मिळवली. बाइंडरने भिंती खरवडून चुना दिला, सुताराने फळ्या ठोकल्या. छापखान्यातून बाइंडरने पाने उलटीसुलटी लागलेली, टाकून दिलेली पुस्तके मागून आणली, उसवली, नीट लावली आणि पुन्हा शिवली. लोक आले. त्यांनी पाठ दाबून पाहिली, शिवण ओढून पाहिली. मजबूत आहे, म्हणाले. घरी नेली, जपून ठेवली, जपून परत आणली. कसे वाटले विचारले तर ‘छान आहे’ म्हणत, पाहुण्यांच्या मुलाला म्हणतात तसे.

त्यांचे काही चुकत नव्हते. तरुण माणसांना वाचता येत होते. पण वाचणे म्हणजे शाळा, वाचणे म्हणजे नोटीस. पुस्तकात आपल्या घरातले कुणी भेटते हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

मग बाइंडर आक्काकडे गेला. तुझ्या गोष्टी दे, पुस्तक बांधतो, म्हणाला. आक्का धान्य निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, टिकेल का? आपल्या दोघांच्या मागे टिकेल असे बांधतो, तो म्हणाला. मग बरे, म्हणाली.

काम सोपे नव्हते. आक्का सांगे, सून लिही. आक्काच्या वेगात सुनेचा हात चालेना, आणि जरा थांबा म्हटले की आक्काचा धागा तुटे. तिला राग यायचा. तू सुई टोचतेस ती तरी लवकर टोचतेस, म्हणायची. शेवटी युक्ती निघाली. हुंकार बाइंडरने द्यायचा आणि तो लांबवायचा. त्याचा ‘हं’ संपेपर्यंत सुनेने वाक्य पुरे करायचे. अशा लांबलेल्या हुंकारांवर ते पुस्तक लिहिले गेले.

छपाई त्याच्या जुन्या छापखान्यात झाली. पुढचे सगळे त्याने वस्तीत बसून हातांनी केले. छापलेला मोठा कागद दुमडला की त्याचा फर्मा होतो. असे फर्मे एकावर एक लावून दोऱ्याने शिवायचे. दोरा सैल राहिला तर पान सुटते. जास्त ताणला तर कागद कापतो. मध्ये तो कुठे बसवायचा ते कुणाला सांगता येत नाही, बोटांना कळते. चिकटवायची खळ शिजवताना ढवळणे थांबले की गुठळी होते, आणि ती पुठ्ठ्याखाली गेली की कायमची वर दिसते. आयुष्यभर त्याने हेच केले होते. पण या वेळी त्याला घाई होत होती, आणि घाई होते म्हणून तो मुद्दाम हळू शिवत होता.

पहिल्या वाचनाला खोली भरली. आक्काला पुढे बसवले. सुनेने पुस्तक उघडून पहिली गोष्ट सुरू केली. आवाज स्वच्छ, कुठे अडखळणे नाही. तरी हुंकार कुणी देईना. मागे भिंतीशी बसलेली एक म्हातारी उठली. मग तिच्या दोन्ही सुना उठल्या. माणसे आक्काकडे बघत, नजर खाली घालत आणि बाहेर पडत. पान उलटेपर्यंत खोलीत चौघेच राहिले, आणि चौथा सुतार, तोही उंबऱ्यात उभा.

बाइंडरला वाटले, कंटाळले. सुताराने त्याला हाताला धरून बाहेर काढले.

“जिवंत बहिणीला पोचवायला निघालास काय रे?”

“म्हणजे?” बाइंडरने विचारले. तेव्हा सुताराने त्याला समजावले, लहान मुलाला सांगावे तसे. गोष्ट ज्याची त्याची असते. सांगणारी जिवंत असताना ती दुसऱ्याने सांगायची नाही. सांगितली तर तिला गेलेली धरले, असा त्याचा अर्थ. वस्तीत हे कुणी कुणाला शिकवत नाही. मोठे होता होता कळते. आणि बाइंडर मोठा झाला तो दुसरीकडे. सून नदीकाठच्या वस्तीची. तिच्याकडे बोली हीच, पण ही रीत नव्हती.

आक्का रागावली नव्हती. उलट तिलाच चुकल्यासारखे झाले होते.

“मला वाटलं, माझ्यामागं उघडशील. म्हणून तर टिकेल का विचारलं.”

सगळ्या प्रती बाइंडरने कपाटात ठेवून कुलूप लावले. लोक पुन्हा यायला लागले, बोलायला लागले, पण पुस्तकाचे नाव कुणी काढले नाही. त्याची इच्छा तशी पुरी होणारच होती. पुस्तक वाचले जाणार होते, त्याच्याच माणसांकडून. फक्त तेव्हा आक्का शेजारी बसलेली नसणार.

थंडीत आक्काला खोकला लागला आणि तो जाता जाईना. सून औषधे देत होती. खोलीवर येणारी माणसे आक्काची चौकशी करत, आणि करता करता त्यांची नजर कपाटाकडे जाई. वाईट हेतू कुणाचा नव्हता. त्यांना गोष्टी हव्या होत्या. पुस्तक समोर होते. एका सकाळी बाइंडर आक्काच्या दारात पोचला तेव्हा ती आत खोकत होती, आणि तो थांबून, कान देऊन, खोकला खोल आहे की वरवरचा हे ऐकत राहिला. मग त्याच्या लक्षात आले की आपला हात खिशात किल्लीवर आहे. तो आत न जाता परत फिरला. खोलीत येऊन त्याने पहिली प्रत काढली आणि सुरीचे टोक शिवणीखाली घातले.

सुताराने ते पाहिले आणि आक्काला जाऊन सांगितले. आक्का अंगावर पांघरूण घेऊन, काठी टेकत खोलीवर आली.

“उसवतोयस म्हणे.”

“कागद तरी कामाला येईल.”

“मेहनत केलीस की एवढी.”

“गेली तर गेली. तुझ्या खोकल्यावर लोकांनी डोळा ठेवलेला मला बघवत नाही.”

“लोकांनी?” आक्काने विचारले.

आक्काने त्याच्या हातातली सुरी काढून फळीवर ठेवली आणि दम खात बसली. खोकला ओसरल्यावर म्हणाली, देऊन टाकते.

गोष्ट देता येते, पण ते शेवटच्या आजारात करायचे काम. सांगणारीने समोर बसायचे, दुसऱ्याच्या तोंडून आपली गोष्ट ऐकायची आणि प्रत्येक वाक्याला स्वतः हुंकार द्यायचा. शेवटच्या वाक्याला हुंकार दिला की गोष्ट तिची राहत नाही. पुन्हा ती कधीही सांगायची नाही. हे सुताराने नव्हे, आक्काने त्याला सांगितले. कुणाला देणार, त्याने विचारले.

“पुस्तकाला. जो वाचील त्याची.”

सुतार म्हणाला, असे कधी कुणी केलेले नाही. आक्का म्हणाली, पुस्तक तरी कधी कुणी केले होते?

दुसऱ्या दिवसापासून देणे सुरू झाले. खोकला बेताचा असेल त्या संध्याकाळी आक्का येई, सून वाची, आक्का हुंकार देई. माणसे बसून राहत. बाहेर पायरीवर, खिडकीत, जागा मिळेल तिथे. दिलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी वस्तीची होई. ज्याला हवे तो पुस्तक घरी नेई, आणि संध्याकाळी घराघरातून वाचणाऱ्याचा एक आवाज आणि हुंकाराचे चार ऐकू येत. दवाखान्याच्या रांगेत बायका वाचत. सुताराला अक्षर येत नव्हते. तो रंधा मारत असायचा आणि त्याची बायको वाचायची. हुंकार द्यायचे सोडून तो भांडत बसायचा, की राक्षस इतका मूर्ख कसा असेल, आणि बायको म्हणायची, आहेत, असतात. वरच्या वस्तीतला एक म्हातारा चालत आला. माझ्याही गोष्टी बांधा, म्हणाला, पण मी इतक्यात देणार नाही, आधी बांधून तर ठेवा. सून त्याच्याकडे जाऊन लिहू लागली.

खोकला हळूहळू गेला. बाइंडर सवयीने आक्काकडे जाऊन समोर बसे. ती गुडघ्यांचे बोले, कोंबड्यांचे बोले. मध्येच एखाद्या गोष्टीची सुरुवात तिच्या तोंडी येई आणि ती ओठ मिटून घेई. तो ऐकायला पुढे झुकलेला असे. दोघेही मग दुसरीकडे बघत.

एकच गोष्ट द्यायची राहिली. नदीपलीकडे विस्तव आणायला गेलेल्या भावाची. बाइंडर ती पुढे ढकलत होता. आज दुसरी घ्या, म्हणायचा. दुसऱ्या संपल्या. तेव्हा त्याने आक्काला मनातले सांगितले. वसतिशाळेची गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी तू मला हीच गोष्ट सांगितलीस. या गोष्टीचा शेवट तू दर वेळी निराळा करायचीस. पुस्तकात भाऊ म्हातारा होऊन येतो आणि बहीण त्याला ओळखत नाही. त्या संध्याकाळी तो कसा आला होता? मी शहरात बसून किती आठवले, आठवत नाही. द्यायच्या आधी एकदा तशी सांग.

आक्का म्हणाली,

“तू झोपलास रे. तो नदीत उतरला आणि तुझा हुंकार बंद झाला. मग मी कुणाला सांगणार? चूल विझवली आणि पडले.”

“म्हणजे शेवट नाहीच सांगितलास?”

“नाही.”

“मग आता सांग. काय सांगणार होतीस?”

“ते काय आधी ठरलेलं असतं?” आक्का म्हणाली. “समोरच्याकडं बघून सुचतं. आता तुझं तोंड बघून पुस्तकातलाच सुचतोय.”

त्यावर तीच हसली. मग म्हणाली, ही तू वाच. सुनेकडे देऊ नकोस.

त्याने वाचली. बोली जिभेवर बसेना. साध्या शब्दाला तो ठेचकाळत होता, आणि मागे कुणीतरी हळूच तो शब्द नीट उच्चारून देत होते. आक्काचा हुंकार मात्र चुकला नाही. भाऊ नदीत उतरला, पलीकडे गेला. पलीकडे त्याला काम मिळाले, विस्तव राखायचे. इकडे बहिणीने चूल रचून ठेवली. बाइंडर हळू वाचू लागला, मग आणखी हळू. शेवटच्या वाक्याशी येऊन थांबला. त्याने पानावरून नजर उचलून आक्काकडे पाहिले. ती खूप लहान दिसत होती, भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले.

“झोपले नाही मी,” आक्का म्हणाली. “वाच.”

त्याने वाचले. बहिणीने त्या म्हाताऱ्याला ओळखले नाही, पण विस्तव ठेवून घेतला आणि त्याला बसायला सांगितले.

“हं,” आक्का म्हणाली.

माणसे उठली. सुतार पुस्तक मागायला पुढे झाला, आज बायकोला हीच वाचायला लावतो म्हणाला. बाइंडरने प्रत त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातांवरची खळ धुऊन तो आक्काकडे गेला. घराला बाहेरून कडी होती. आक्का कुठे गेली ते शेजारी विचारणार तेवढ्यात त्याला दवाखान्याशेजारच्या खोलीतून सुनेचा वाचण्याचा आवाज ऐकू आला, आणि त्यामागे पुष्कळ हुंकार. त्यांत आक्काचा कुठला ते त्याला इतक्या लांबून ओळखता येईना. तो तिच्या पायरीवर बसून ऐकत राहिला.