उंचीच्या रेघा

रविवारी दुपारी फिल्म क्लबमध्ये जुना फ्रेंच ॲनिमेशनपट पाहायला आम्ही बारा जण होतो. त्यात मी आणि माझी मुलगी सई. पडद्यावर एक म्हातारा मुलांना भिंतीशी उभं करून उंचीच्या रेघा आखत होता आणि रेघेगणिक मूल पुसट होत होतं. मी नकळत सईचा हात पकडला.

"बाबा, कार्टूनला काय घाबरता?" सई हसली.

त्याच दिवशी ती दहा वर्षांची झाली. घरी येताच दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिथे दर वाढदिवसाला मी मारलेल्या नऊ रेघा आहेत. आजवर मी त्या जमेच्या समजत होतो; आज त्या वजाबाकीच्या वाटल्या.

"मारा ना लवकर, पाय दुखले!"

मी पेन्सिल तिच्या डोक्याशी टेकवली आणि थांबलो. रेघ नाही मारली म्हणून वाढणं थोडंच थांबणार होतं? मी रेघ मारली आणि सई वळायच्या आत तिला घट्ट धरलं.