चंद्रीवरचा दावा

आक्काताई वरुटेनं म्हैस चोरली आणि पोलिसांनी ती टेंपोत घालून नेली, ही बातमी कसबा बावड्यात सकाळचं दूध डेअरीला पोचायच्या आत पोचली. हातकणंगल्याच्या बाजारापर्यंत जाईस्तोवर एकीच्या चार म्हशी झाल्या, आणि गडमुडशिंगीत तर आक्काताईला बेड्या घातलेल्या डोळ्यांनी बघणारा माणूसही निघाला. तो त्या दिवशी सासुरवाडीला होता, ही गोष्ट वेगळी.

खरं एवढंच, की टेंपो आला होता, पोलीस आले होते आणि म्हैसही गेली होती. पण ती म्हैस फोमची. पोटात माणूस शिरल्याशिवाय ती जागची हलत नसे, चालली तर दोन पायांवर चाले, आणि जन्मात तिनं कुणाच्या उसाला तोंड लावलं नव्हतं. राहिला चोरीचा मुद्दा. चोरी झाली होती हे नक्की. कुणी कुणाची केली, एवढंच कोर्टाला ठरवायचं आहे.

आक्काताई म्हणजे तोंडानं फटकळ आणि हातानं नाजूक. नवरा गेल्यावर तिनं म्हशींच्या झुली शिवायला घेतल्या. दिवाळीच्या पाडव्याला बावड्यात म्हशी नटवून रस्त्यावर काढतात, शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात, मालकाच्या हाकेसरशी पळवतात. ज्याच्या म्हशीवर आक्काताईची झूल, त्याची मान त्या दिवशी जरा जास्तच ताठ. तिच्या स्वतःच्या दावणीला चंद्री होती. एका वर्षी ऐन पाडव्याच्या तोंडावर चंद्री मेली. सगळी गल्ली म्हशी घेऊन बाहेर पडणार आणि वरुट्यांचं दार तेवढं बंद, हे काही आक्काताईला सोसेना. तिनं फोम आणला, काळं कापड आणलं आणि चंद्रीचं भलंमोठं मुंडकं शिवलं, खाली झूल आणि कवड्यांची माळ जोडली. डाव्या शिंगाला फोम कमी पडला, ते लोंबलं. लोंबू दे, म्हणाली. त्या मुंडक्यात तिची लेक पूर्णिमा शिरली आणि खऱ्या म्हशींच्या मागून अशी ठुमकत निघाली, की म्हशी बुजल्या आणि माणसं हसून बेजार झाली.

तेव्हापासून बारसं असो, वाढदिवस असो, नव्या दुकानाचं उद्घाटन असो, चंद्री पाहिजेच. रिकाम्या गोठ्यात शिलाई मशीन आलं. चंद्रीला बहिणी झाल्या, पोरांसाठी छोटे मुखवटे झाले. जित्या चंद्रीनं दिलं नाही एवढं दूध या फोमच्या चंद्रीनं दिलं, असं गल्लीत म्हणत.

मग एके वर्षी टीव्हीवर म्हैस नाचायला लागली. मुंबईतल्या एका बड्या मनोरंजन कंपनीचं ते कार्टून. त्याच्याशिवाय पोरं घासाला तोंड उघडेनात. नाव वेगळं, आवाज वेगळा, पण गळ्यात कवड्यांची माळ, पाठीवर झूल आणि डावं शिंग खाली लोंबलेलं. आक्काताई हातातला घास हातात ठेवून बघत राहिली. आपल्याला फोम कमी पडला होता. यांना काय कमी पडलं, हे तिला उलगडेना. गल्लीला मात्र आनंद. चंद्री टीव्हीवर गेली म्हणून शेजारणींनी तिच्याकडून पेढे उकळले. तिनं वाटले. स्वतः मात्र एकही तोंडात टाकला नाही.

त्यानंतर पांढरी गाडी यायला लागली. गल्लीच्या तोंडाशी थांबायची, काच खाली व्हायची नाही, आणि निघून जायची. कुत्रीसुद्धा आधी भुंकली, मग लांबूनच बघायला लागली. एके दिवशी त्या गाडीतून इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उतरला आणि चहाच्या गाड्यावर येऊन बसला.

त्याच दिवसांत पूर्णिमाला हातकणंगल्याचं स्थळ आलं होतं. फोटो गेला होता, उत्तर यायचं होतं. आणि आपल्याकडची रीत काय ती सगळ्यांना ठाऊक. मुलाकडची मंडळी उघड येण्याआधी एखादा माणूस गुपचूप पाठवतात. घर कसं, धंदा किती वर्षांचा, माल कुठवर जातो, हे तो आडून आडून काढून घेतो. त्याला ओळखलंय असं दाखवायचं नाही आणि शेजारच्या घराची पत रेसभरही कमी सांगायची नाही, हा गल्लीचा धर्म. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बायकाही तो पाळतात.

त्या माणसानं नेमकं हेच विचारलं. मग काय, गल्लीनं धर्म पाळला. कुणी म्हणालं, माल बेळगावला जातो. कुणी तो गोव्याला नेला. एकानं तर थेट दुबईला जहाजात चढवला. गोठ्याचा कारखाना झाला, एका मशीनची रांग झाली. माणूस मान डोलवत ऐकत होता आणि हसत अजिबात नव्हता.

आक्काताईचा भाऊ ज्ञानू गडमुडशिंगीहून मोटरसायकलवर धावत आला. पावण्याला घरी नेलं, मटणाचा बेत झाला. पावण्यानं मोबाईल तांब्याला टेकवून उभा ठेवला आणि ताटातलं निम्मं तसंच सोडलं. मुलगी किती शिकली हे त्यानं विचारलं नाही. मामेकुळ विचारलं नाही. पूर्णिमा पाणी घेऊन आली तर तिच्या खांद्यावरून तो मागच्या भिंतीकडे बघत राहिला, जिथं चंद्रीची मुंडकी ओळीनं टांगली होती. मग अगदी सहज म्हणाला, ही म्हैस कुणाची?

ज्ञानूला वाटलं, स्थळ आता हातात आलं.

"कंपनीचीच की, पावणं. टीव्हीवाल्यांचं समदं काम आमच्या आक्काकडंच असतंय. मुंबईस्नं फोन येतो आन् हितनं माल जातो."

आक्काताई वाटी हातात घेऊन उभी होती. ती माझी हाय, माझ्या दावणीची हाय, हे शब्द तिच्या ओठापर्यंत आले होते. ज्ञानूनं डोळ्यानं दटावलं. दाराआड पूर्णिमा उभी होती. पावणा आता आक्काताईकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, खरं का, मावशी? लेकीच्या लग्नात आडकाठी कशाला, म्हणून जन्मभर कुणापुढं न झुकलेली ती बाई "व्हय" म्हणाली.

जाताना त्यानं एक मुखवटा विकत घेतला आणि पूर्ण नावानिशी, सहीनिशी पावती मागितली. मुलाकडचा माणूस पावती मागतो, हे आक्काताईला खटकलं. ज्ञानू म्हणाला, हिशेबी घर दिसतंय, पोरगी सुखात राहील.

पुढं टेंपो आला तो कोर्टाचा हुकूम घेऊन. कोर्टाचा माणूस, कंपनीचा वकील, दोन पोलीस, आणि मागं तोच इस्त्रीचा शर्ट. कंपनीच्या म्हशीची नक्कल करून विकता, असा दावा होता. मुंडकी एकेक करून टेंपोत गेली. फळीवरून ती बाहेर बघत होती, सगळ्यांची डावी शिंगं लोंबलेली. माल दुबईला पाठवणारी गल्ली त्या वेळी दारं लावून आत बसली होती. हातकणंगल्याचा खरा चौकशीचा माणूस नेमका तेव्हाच उगवला. टेंपो, पोलीस, सगळं बघून चहासुद्धा न घेता माघारी फिरला, आणि त्या घरचं उत्तर काही आलं नाही.

आक्काताईच्या वकीलबाई क्रांती कांबळे. त्यांनी विचारलं, चंद्री टीव्हीच्या आधीची आहे याला पुरावा काय? पाडव्याचे फोटो होते की. पण ज्या मोबाईलमध्ये काढले तो महापुरात गेला, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरून आलेल्या फोटोला जन्मतारीख राहत नाही. साक्ष द्यायला गल्ली होती. पण त्याच गल्लीचे बेळगाव, गोवा आणि दुबई कंपनीच्या मोबाईलमध्ये भरलेले. मग वकीलबाईंनी कंपनीनं कोर्टात दिलेलं ज्ञानूचं बोलणं ऐकवलं, आणि शेवटी ते "व्हय". ज्ञानू खाली मान घालून बसला. आक्काताईला आपलाच आवाज परक्या बाईचा वाटला.

आता गोठ्याच्या दाराला लाखेचं सील आहे. आत मशीनवर धूळ बसली असेल, पण बघायची परवानगी नाही. तारखा पडतायत. जत्रेत मुखवटे विकणाऱ्यांनी माल आत ठेवलाय. पांढरी गाडी हल्ली पलीकडच्या गल्लीत थांबते. तिथं बालवाडीच्या भिंतींवर कार्टून रंगवणारा एक पेंटर राहतो. त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. सांगायचं काय, हेच कुणाला कळत नाही.

हे सगळं एका सहीनं मिटलं असतं, असं गल्ली आजही म्हणते. ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात, स्वेटर घालावा असल्या थंड खोलीत, कंपनीच्या वकिलानं आक्काताईला बोलावलं होतं. पोरगेला, गोड बोलणारा. त्यानं स्वतः चहा ओतून दिला. कंपनीचं तुमच्याशी काही वैर नाही, म्हणाला. म्हैस पहिल्यापासून कंपनीची आहे एवढं लिहून द्या. खटला मागं घेऊ. वरून कंपनीला गावोगावच्या कार्यक्रमांसाठी अशीच मुंडकी लागणार आहेत, ती तुम्हीच शिवा, नगावर पैसे देऊ. नाहीतर नुकसानभरपाईत राहतं घरही येऊ शकतं, हे त्यानं त्याच गोड आवाजात सांगितलं आणि पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढं ठेवलं. ज्ञानू हात जोडून म्हणाला, आक्का, कर सही. वकीलबाई म्हणाल्या, निर्णय तुमचा.

आक्काताईनं पेन उचललं, टोपण लावलं आणि त्याच्यापुढं परत सरकवलं.

"माझ्याच म्हशीची धार काढायला मला रोजावर ठेवताय व्हय, साहेब? सही काय मिळायची न्हाय."