पोटातली चाकं

प्रयोगशाळेच्या तळघरात, खिडकी नसलेल्या अंधाऱ्या खोलीत आत्या काम करायची. भाचीच्या तोंडून ऐकून घरात सगळेच तिला आत्या म्हणू लागले होते, अगदी वहिनीसुद्धा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सुरू केला की पडदा हिरवट उजळायचा आणि जुलाबाच्या नमुन्यातले रोटाव्हायरस दिसायचे. इवलीशी चाकं, आरे नि कडेची धाव असलेली. नमुना वासराचा असो की बाळाचा, चाकं सारखीच. पाहता पाहता तिची तंद्री लागायची. आपण नदीच्या तळाशी बसलोय आणि डोक्यावरून गाड्यांचा तांडा संथपणे चाललाय, असं वाटायचं. खरं सांगायचं तर तिला ती चाकं आवडायची.

एका दुपारी वहिनीचा फोन आला. "आत्या, पोरीच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाहीये. दवाखान्यात आणलंय."

आत्या धावतच गेली. एवढी दांडगट पोर, पण कॉटवर चिमणीएवढी दिसत होती. डोळे खोल, ओठ सुकलेले. आपण ज्या चाकांचं कौतुक करत बसतो, तीच हिच्या पोटात.

हाताला सलाईन होतंच. उलट्या थांबल्यावर नर्सने मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं. आत्या चमचा चमचा पाजत राहिली. पोरीने डोळे किलकिले केले.

"आत्या, माझ्या पोटात काय आहे?"

"चाकं. खूप बारीक."

"कुठं चाललीत?"

"बाहेर. रस्ता चुकून आत आलीत."

"मग हॉर्न का नाही वाजवत?"

तेवढ्यात तिचं पोट गुडगुडलं. "वाजवला!" ती म्हणाली. वहिनी रडता रडता हसली.

पोर हळूहळू सावरली. तशीच चाकं एका वासराच्याही पोटात होती, हे कळल्यावर तिने ते बघायचा हट्टच धरला. शेवटी आत्या तिला गोठ्यावर घेऊन गेली.

"जाता जाता राहिलंय बघा," गोठेवाला म्हणाला. "आता मात्र दुधावर तुटून पडतं."

उन्हाच्या तिरिपेत गवताची धूळ तरंगत होती. वासरू शांत उभं होतं. पोरीने त्याच्या पोटाला कान लावला, डोळे मिटले.

"येतंय का काही ऐकू?" आत्याने हळूच विचारलं.

"शू! आत सगळे झोपलेत."

आत्या किती तरी वेळ वासराच्या उबदार पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग भानावर आली आणि पोरीला नळापाशी नेऊन तिचे हात साबणाने खसाखसा घासले. कानसुद्धा.